संकुलातील विज्ञानपटांचा प्रयोग फसला. पुढच्या वेळी काय बदलावे?

ऐरोलीकर: आमच्या ऐरोलीच्या संकुलात महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी प्रोजेक्टरवर विज्ञानविषयक माहितीपट दाखवण्याचा उपक्रम आम्ही सुरू केला आहे. पहिल्या वेळी सूर्यमालेवरील पन्नास मिनिटांचा इंग्रजी माहितीपट लावला, तेव्हा पंधराव्या मिनिटाला मुले खेळायला पळाली आणि आज्या चहाच्या निमित्ताने उठल्या. शेवटपर्यंत बसलेल्या एका आजोबांनी मात्र विचारले, "पृथ्वी सूर्याच्या इतकी जवळ आहे, तर ती करपत कशी नाही?" मला नीटसे उत्तर देता आले नाही. मराठी निवेदन असलेले माहितीपट शोधावेत, की अडचण निराळीच आहे?

खारघरची संकलक: भाषेची अडचण आहेच, पण माझ्या मते लांबी अधिक नडली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याचा १९७७ सालचा 'पॉवर्स ऑफ टेन' हा लघुपट जेमतेम नऊ मिनिटांचा आहे. शिकागोच्या तलावाकाठी सहलीला आलेल्या जोडप्यापासून कॅमेरा वर जातो, दर दहा सेकंदांनी चौकट दहापट रुंद होत दीर्घिकांपलीकडे पोहोचते आणि मग परत फिरून त्या माणसाच्या हातातील अणूपर्यंत उतरते. निवेदन इंग्रजी असले तरी आवाज बंद करून पाहिल्यासही आशय पोहोचतो, कारण जे डोळ्यांना एरवी दिसूच शकत नाही तेच तिथे दाखवले आहे. नुसत्या बोलणाऱ्या तज्ज्ञांच्या चेहऱ्यांसाठी पडदा कशाला हवा?

नौपाड्याच्या निवृत्त शिक्षिका: आजोबांची शंका अगदी रास्त आहे, कारण दोष चित्राचा आहे. सगळे ग्रह एका चौकटीत बसवण्यासाठी अंतरे आकसून दाखवतात, आणि तसे स्पष्ट सांगणारे निवेदक मला फार थोडे आढळले. सूर्य चौदा सेंटिमीटरच्या पपनसाएवढा मानला, तर पृथ्वी बारीक मोहरीएवढी ठरते आणि पपनसापासून पंधरा मीटरवर येते. गुरू सुमारे ७८ मीटरवर, तर नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे बहुधा तुमच्या फाटकाबाहेरच जाईल! माहितीपट मध्येच थांबवून मुलांना मोहरी घेऊन अंगणात धाडावे. मराठीच हवे असेल, तर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या छोट्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहेत.

खारघरची संकलक: मध्येच थांबवण्याला माझा विरोध आहे, कारण संकलकाने जपलेली लय त्यामुळे मोडते. नऊ मिनिटे अखंड पाहू द्यावीत, मग वाटल्यास पुन्हा लावून हवे तिथे थांबावे.

ऐरोलीकर: आज्यांना आवाज बंद केलेले चित्र रुचेल असे वाटत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत मी स्वतःच मराठीत निवेदन करीन. मुलांकडून मटकीला मोड येण्याची चित्रफीतही करून घेता येईल का?

खारघरची संकलक: अवश्य. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवून दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घेतले, तर दिवसाची १४४ होतात आणि सेकंदाला चोवीस या गतीने ती सहा सेकंदांत सरकतात. म्हणजे दोन दिवसांची मटकी बारा सेकंदांत उलगडेल. खिडकीचा उजेड मात्र टाळा आणि दिवा रात्रंदिवस सुरू ठेवा, नाहीतर चित्र सारखे लुकलुकेल. ओल्या फडक्यावर पाणी शिंपडताना वाटी जराही हलू देऊ नका.