मदत हवी आहे: कॅम्परच्या छताची पट्टी न मोडता कशी काढायची?

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) आहे. छतावरच्या पंख्याच्या कडेने पाणी झिरपून आतला ४ मिमीचा प्लाय फुगलाय, बोटाने दाबला तरी आत जातो. गळती बाहेरून सीलंट लावून थांबवलीय. आता प्लाय बदलायचाय, पण प्लायच्या सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी निघत नाही.

पट्टीच्या मधली रबरी बीडिंग (स्क्रू झाकणारी बारीक पट्टी) ओढून काढली, तिच्याखालचे सगळे स्क्रूही काढले. हेअर ड्रायरने गरम करून हळूच उचकलं, तर टोकाला पांढरी चीर पडली. तिथेच थांबलो. पट्टीची टोकं वरच्या कपाटांमागे गेलीत आणि कपाटं काढायची नाहीत. मागून एलईडीची वायर जाते, म्हणून पाती घालायचीही भीती वाटते. तशी पट्टी कुठे मिळाली नाही, हीच परत बसवायचीय.

ती मागून चिकटवलेली असेल तर कशाने सोडवू? आणि बसवताना सैल भोकांत जाड स्क्रू घालू की नवी भोकं पाडू?