मदत हवी आहे: ध्रुवीय जहाजावर झोपायचं कसं?

नमस्कार मंडळी. येत्या मोसमात अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्राकडे जहाजाने निघतोय. थंडीची धास्ती नाही. धास्ती आहे ती ४० ते ६० अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्याची. तिथे वारा अडवायला जमीन जवळपास नाहीच. त्यात बर्फ फोडणाऱ्या जहाजाचं बूड गोलसर, म्हणजे बर्फात दणकट पण उघड्या समुद्रात पाळण्यासारखं डोलणारं. (पाळण्यात झोप लागते म्हणे, मला तर मळमळतं!)

मागे एका छोट्या सफरीत पाण्याची बाटली रात्रभर केबिनभर गडगडत होती आणि मी बंकची कड घट्ट धरून पडलो होतो. कुणी सांगितलं, लाइफ जॅकेट गादीच्या बाहेरच्या कडेखाली खुपसायचं, म्हणजे आपण भिंतीशी खोबणीत पडल्यासारखे राहतो. खरंच जमतं का हे? मळमळीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारेनच, पण तुमचे अनुभवही सांगा.

शिवाय डिसेंबरात ६६.५ अंशांपलीकडे सूर्य मावळतच नाही, वर दर १५ रेखांशांमागे घड्याळ तासभर सरकणार. पहाटे चारची पाळी असणारे झोपतात कधी? केबिनच्या खिडकीला काय लावता?