बिग हाउसमधली क्लब सीट: घ्यावी, की बाकावरच बसावं?

नोव्हीकर

आमच्या घरात सध्या या एकाच विषयावर वाद चालू आहे, म्हणून इथे मांडतो. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची, म्हणजेच 'बिग हाउस'ची, आमच्याकडे दोन सीझन तिकिटं आहेत. बायको तिथल्याच मिशिगन विद्यापीठाची विद्यार्थिनी, मला कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची गोडी तिनेच लावली. आमच्या जागा एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, कोपऱ्यात, ॲल्युमिनियमच्या बाकावर. यंदा क्लब सीट मिळू शकतील असं कळलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मैदानाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला ज्या उंच इमारती आहेत, त्यांत या जागा असतात. रुंद, पाठ असलेली खुर्ची, मागे हीटिंग असलेलं लाउंज, लिफ्ट, वेगळं प्रवेशद्वार. त्यासाठी प्रत्येक जागेमागे दरवर्षी ठरावीक देणगी द्यायची, ती हजारांत जाते, आणि तिकिटाचे पैसे वेगळे.

माझं मत घ्यावी असं आहे. आई-बाबा फॉलमध्ये, म्हणजे शरद ऋतूत, नाशिकहून येतात. बाबांना हा खेळ मनापासून आवडायला लागलाय, पण गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या त्यांना जमत नाहीत. शिवाय नोव्हेंबरात साडेतीन तास थंडगार धातूवर बसणं मलाही आता सोसत नाही. बायको म्हणते, वर जाऊन बसायचं असेल तर मी येणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

हेमांगी_ए2

मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे, आणि नुसत्या आठवणींपोटी नाही.

हे स्टेडियम 1927 साली बांधलं तेव्हा त्याचा मोठा भाग जमिनीत खोदून बसवला. वरचा मजला नाही, खांब नाहीत, एकच अखंड वाडगा. 1975 च्या नोव्हेंबरपासून, कोविडचं 2020 सोडलं तर, इथल्या प्रत्येक होम गेमला लाखाच्या वर माणसं आली आहेत. आणि 2010 पर्यंत या लाख माणसांत बसायच्या जागेचा दर्जा असा वेगळा नव्हता. सर्जन, गाड्यांच्या कारखान्यातला कामगार आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, तिघांच्याही खाली तेच बाक आणि तिघांच्याही डोक्यावर तोच पाऊस. मग 22 कोटी 60 लाख डॉलर खर्चून त्या दोन इमारती उभ्या राहिल्या, ऐंशीच्या आसपास खासगी सूट (बंद खोल्या) आणि तीनेक हजार क्लब सीट आल्या. तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी याला उघड विरोध केला होता. आवाज आत कोंडला जातो आणि मैदान जास्त दणाणतं, एवढा एक फायदा मी मान्य करते.

2021 ची आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी, ओहायो स्टेटशी, झालेली मॅच आठवा. बर्फ पडत होता, 42–27 ने जिंकलो, 2011 नंतर पहिल्यांदा. मॅच संपल्यावर पोरं मैदानात उतरली ती बाकांवरून. तो दिवस थंडीसकट तसा होता. थंडी वजा केली की टीव्हीवर दिसतं तेवढंच उरतं, आणि टीव्ही घरी आहेच.

आकडेमोड

सल्ला देण्याआधी पैशाचं नीट बघू, कारण यात पुष्कळांचा जुना समज अजून कायम आहे.

1988 पासून अमेरिकेच्या करकायद्यात एक सवलत होती: कॉलेजच्या मॅचचं तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळावा म्हणून जी देणगी द्याल, तिचा 80 टक्के भाग करातून वजा करता येत असे. 2017 च्या करकायद्याने ती काढून टाकली. 2018 पासून ही वजावट शून्य. म्हणजे 'निम्मं तर टॅक्समधून सुटतं' असं कुणी जुना सभासद सांगत असेल, तर त्याचं गणित गेल्या दशकातलं आहे.

डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडातून (दानासाठी आधीच पैसे बाजूला ठेवलेलं खातं) ही देणगी देता येत नाही, कारण बदल्यात तुम्हाला जागा मिळते. ज्यांची स्वतःची कन्सल्टिंग कंपनी आहे आणि क्लायंटला घेऊन जायचा विचार आहे, त्यांनाही करमणुकीचा खर्च 2018 पासून दाखवता येत नाही. तुमची नोकरीची कंपनी देणगीला तेवढीच भर घालत असेल, तर आसनाशी जोडलेली देणगी त्यात चालते का हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी चालत नाही.

म्हणून क्लब सीटची किंमत काढताना देणगी अधिक तिकीट अधिक पार्किंग, भागिले होम गेम, असा सरळ हिशेब करा. त्यातल्या दोन-तीन मॅच अशा संघांशी असतात की पहिल्या हाफलाच निकाल लागतो. करार काही वर्षांचा असेल तर दरवाढीचं कलम वाचा. आणि सम-विषम वर्षं बघा: ओहायो स्टेट ॲन आर्बरला येतं विषम वर्षी, मिशिगन स्टेट सम वर्षी. दोन्ही वर्षांचे पैसे सारखेच गेले, तरी हाती येणारी गोष्ट सारखी नसते.

दादा_कँटन

हेमांगी, तुमच्या भावनेचा आदर ठेवून सांगतो, 'पूर्वी सगळे सारखे होते' हे खरं नाही. 1927 चं स्टेडियम उभं कसं राहिलं? विद्यापीठाचा तेव्हाचा क्रीडा संचालक फील्डिंग योस्टने करदात्यांचा पैसा न घेता रोखे काढले, 500 डॉलरचा एक, असे 3,000. जो रोखा घेईल त्याला दहा वर्षं 30 यार्डांच्या दोन रेषांमधल्या, म्हणजे मधल्या, दोन सीझन तिकिटांचा हक्क. त्या काळात 500 डॉलर सामान्य माणसाकडे नव्हते. ज्याच्याकडे पैसा त्याला मधली जागा, हे या मैदानाच्या पायातच आहे. 2010 मध्ये त्याला पाठ आणि हीटर मिळाला, इतकंच.

आणि दुसरं. माझी आई काठी घेऊन चालते. गेल्या सीझनला एका ओळखीच्याकडून क्लबची तिकिटं मिळाली, तिला लिफ्टने वर नेलं. तिने चारही क्वार्टर बघितले, बँडच्या वेळी टाळ्या वाजवल्या. सुनेने वडे आणि चहा टेलगेटलाच, म्हणजे मॅचआधी गाड्यांपाशी जमतो तिथेच, दिला होता, त्यामुळे तिथल्या खाण्यावर अवलंबून राहावं लागलं नाही. बाकावर बसवून तिला हे दाखवता आलं नसतं. 'थंडीसकट तसा दिवस' हे वाक्य तिशीतल्या माणसाला शोभतं. पंच्याहत्तरीच्या बाईला आपण काय सांगणार, तू घरी टीव्ही बघ?

नोव्हीकर, जरूर घ्या. आई-बाबांबरोबर मॅच बघायला किती फॉल मिळतील, हा हिशेब आकडेमोड यांच्या वहीत बसत नाही.

हेमांगी_ए2

रोख्यांचा मुद्दा चांगला काढलात, पण तो तुमच्याविरुद्ध जातो. रोखा म्हणजे कर्ज होतं. त्यावर 3 टक्के व्याज होतं आणि मुद्दल परत करायचं होतं. देणगीतलं काय परत येतं? आणि रोखेधारक मध्ये बसला तरी बाकावरच बसला, बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून. मधली जागा पैशाने मिळते याला माझी हरकत नाही. वेगळं दार, वेगळा जिना, वेगळं छप्पर याला आहे. एकाच संघासाठी ओरडणारी माणसं एकमेकांना दिसेनाशी होतात.

आईंबद्दल: त्यांना मॅच दाखवलीत हे फार छान केलंत. पण म्हाताऱ्या माणसाला नीट बसता यावं याची किंमत हजारो डॉलर का असावी, हा प्रश्न विद्यापीठाला विचारायला हवा. आपण चेक फाडून तो मिटवतो.

स्मिता_ट्रॉय

हा प्रश्न विचारला गेला आहे, आणि न्यायालयात विचारला गेला आहे. माझे यजमान व्हीलचेअर वापरतात म्हणून हा इतिहास आम्हाला पाठ आहे.

नूतनीकरण चालू असताना 2007 मध्ये मिशिगनच्या पक्षाघातग्रस्त माजी सैनिकांच्या संघटनेने विद्यापीठावर दावा लावला. केंद्राचं न्याय खातंही त्यात उतरलं. तेव्हा लाखावर माणसांच्या मैदानात व्हीलचेअरसाठी शंभरसुद्धा जागा नव्हत्या. 2008 मध्ये तडजोड झाली आणि 2010 पर्यंत त्या 300 च्या वर गेल्या, शेजारी सोबत्याच्या जागेसकट. त्या सगळ्या वरच्या इमारतींत नाहीत, खालच्या वाडग्याच्या कडेने सुद्धा आहेत.

त्यामुळे नोव्हीकर, फक्त बाबांच्या गुडघ्यांसाठी क्लब घेत असाल तर आधी तिकीट ऑफिसला फोन करून अशा जागांबद्दल विचारा. चेअर नसली तरी पायऱ्या चढता येत नाहीत हे कारण पुरतं. आणि अजून एक, मैदान जमिनीत असल्यामुळे आपण आत शिरतो ते वरच्या बाजूने. बोळातून बाहेर आल्यावर लगेच ज्या रांगा लागतात त्यांना मोजक्याच पायऱ्या आहेत. दमवतात त्या अगदी खालच्या आणि अगदी वरच्या रांगा.

निखिल_पुणे

इथून वाचतोय आणि चकित होतोय. कॉलेजच्या संघासाठी 1,07,601 आसनांचं मैदान! आपल्या विद्यापीठांच्या मॅचला तर खेळाडूंचे मित्रच येतात.

पण वाद ओळखीचा वाटला. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि क्लबच्या सभासदांना किती जागा, मुंबईच्या क्रिकेट संघटनेला किती, यावरून इतकं पेटलं की संघटनेने जवळच स्वतःचं वानखेडे बांधलं. 1975 मध्ये तिथे कसोटी झाली. पुढे वानखेडेलाही गरवारे पॅव्हेलियन आलंच, आणि आवाज मात्र कायम नॉर्थ स्टँडचा. मी नॉर्थ स्टँडमध्ये बसून सामने बघितलेत, त्यामुळे हेमांगीताईंचं म्हणणं मला कळतं. मला एक सांगा, हा पैसा जातो कुठे? खेळाडूंना तर काही मिळत नाही ना?

बकाय_वहिनी

मी ओहायो स्टेटच्या कोलंबसची, म्हणजे तुमच्या शत्रुपक्षातली, तरी उत्तर देते कारण ओहायो स्टेडियममध्येही क्लब सीटचा हाच वाद आम्ही घालतो.

निखिल, खेळाडूंना काही मिळत नाही हे काही वर्षांपूर्वीपर्यंत खरं होतं. शिष्यवृत्ती मिळायची, बाकी पैसा प्रशिक्षक आणि इमारतींत जायचा. 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करायला परवानगी मिळाली. आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मोठी तडजोड मंजूर केली, तिच्यामुळे विद्यापीठं आता थेट खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागे साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. शिवाय फुटबॉलच्या कमाईवर जिम्नॅस्टिक्स, कुस्ती, रोइंग असे खेळ चालतात, त्यांना स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नाही. माझी भाची कॉलेजात नौकानयन करते, तिच्या बोटीचा खर्च शेवटी फुटबॉलच्या शनिवारीच निघतो.

म्हणून मला क्लब सीट पटते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी जास्त द्यावं, आणि विद्यार्थ्याचं तिकीट वाढू नये. तीन हजार लोकांनी भरपूर दिले तर एक लाख लोकांवरचा भार हलका राहतो.

हेमांगी_ए2

वहिनी, मुली बोटी वल्हवतात त्याचा मलाही अभिमान आहे. पण भार हलका राहतो हे कुठे दिसतं? क्लब सीट 2010 मध्ये आल्या, साध्या बाकांवरची सक्तीची देणगी काही गेली नाही. बिग टेनचा (मिशिगन ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्याचा) टीव्ही करार सात वर्षांचा आणि 7 अब्ज डॉलरच्या वरचा, तरी बाकाचं तिकीट स्वस्त झालं नाही. जितकं येतं तितकं खर्चायला कारण सापडतं.

दिशा बघायची असेल तर आपल्याच बिग टेनमध्ये एव्हन्स्टनला बघा. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने सत्तेचाळीस हजारांचं जुनं मैदान पाडलं आणि जागी पस्तीस हजारांचं बांधायला घेतलं. माणसं कमी, दर माणशी सोय जास्त. मिशिगनने त्याच वाटेने जाऊ नये, म्हणून मी इतकं बोलते.

दादा_कँटन

एव्हन्स्टनचं जुनं मैदान भरतच नव्हतं, आणि बरेचदा पाहुण्या संघाचेच प्रेक्षक जास्त असायचे. तिथे कमी जागा करणं शहाणपणाचं आहे. ॲन आर्बरचे लाख लोक कुठेही जात नाहीत. वरच्या तीन हजारांमुळे खालचा एक माणूसही बाहेर पडलेला नाही.

आकडेमोड

एक नोंद राहिली. क्लबच्या बाजूने पूर्वी जे फायदे सांगितले जात त्यातले काही आता सगळीकडे आहेत. 2023 च्या राज्याच्या कायद्यानंतर, 2024 च्या सीझनपासून, बिअर साध्या स्टँडमध्येही मिळते. दिवे आहेत, मोठे पडदे आहेत. उरतं ते मुख्यतः ऊब, पाठ आणि लिफ्ट. त्या तिघांची किंमत तुमच्यासाठी किती, ते ठरवा.

नोव्हीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने पूर्ण चर्चा वाचली. हेमांगीचं उत्तर तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग बाबांना फोन लावला. बाबांचं म्हणणं वेगळंच निघालं: त्यांना बँड दिसायला हवा आणि विद्यार्थ्यांचा आवाज ऐकू यायला हवा, बाकी कुठेही बसवा.

स्मिताताई, तिकीट ऑफिसला फोन केला. कोपऱ्यातली दोन तिकिटं बोळाजवळच्या रांगेत बदलून मिळतात का ते रिन्यूअलच्या वेळी बघतील, आणि पायऱ्या नसलेल्या जागा मॅचनिहाय मागता येतात असं सांगितलं. कराराची क्लब सीट यंदा घेत नाही. ऑक्टोबरमधल्या एका मॅचची क्लबची चार तिकिटं रिसेलवर घेऊन आई-बाबांना वर नेणार आहे. दादा, तुमच्या आईंचं वाचून हे सोडवत नाही. त्या मॅचला बायको वर येणार की खाली मैत्रिणीबरोबर बसणार, हे मात्र अजून ठरलेलं नाही.

दादा_कँटन

घेताना पूर्वेची जागा की पश्चिमेची ते बघून घ्या. दुपारची मॅच असली तर पूर्वेकडे ऊन थेट डोळ्यांवर येतं, आणि ऑक्टोबरात सूर्य लवकर खाली येतो. बाबांसाठी टोपी न्या. आमचं टेलगेट पायोनियर हायस्कूलच्या मैदानावर असतं, सकाळीच या, वडे जास्त करायला सांगतो. हेमांगी, तुम्हीही या, खालीच बसणार असलात तरी.