'रिफिफी' म्हणजे दरोडा का?

कानामात्रा:
'द्यू रिफिफी शे लेझॉम' हा १९५५चा फ्रेंच चित्रपट काल पाहिला. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन. पॅरिसमधलं जवाहिऱ्याचं दुकान चौघे मिळून फोडतात, त्याची गोष्ट. टिपणात सहज 'दरोडापट' लिहिलं आणि मग शीर्षकापाशी अडलो. रिफिफी म्हणजे दरोडाच ना?

उंबरठा:
छे. रिफिफी म्हणजे राडा. तिथल्या गुन्हेगारांच्या बोलीत 'रिफ' म्हणजे आग, त्यावरून झुंज. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच शिपाई आघाडीलाही रिफ म्हणत. त्याला शेपूट जोडून रिफिफी. मूळ कादंबरी ओग्युस्त ल ब्रतों यांची, १९५३ची. हा शब्द आपणच घडवला असं ते सांगत. आणि 'लेझॉम' म्हणजे इथे नुसते 'पुरुष' नव्हेत, धंद्यातली माणसं. 'भाईलोकांत राडा' म्हटलं की मुंबईकराला वेगळं समजवायला नको.
शब्द तेव्हा फ्रेंच प्रेक्षकालाही नवखा होता. म्हणून तर नाइटक्लबात मागाली नोएल त्याचा अर्थ सांगणारं अख्खं गाणं गाते!

कानामात्रा:
गाणं आठवलं. पण राडा म्हणावं तर चोरीच्या प्रसंगात जवळजवळ अर्धा तास ना संवाद, ना संगीत. पडद्यावरचे सोडा, घरात आम्हीही कुजबुजत होतो.

उंबरठा:
त्या प्रसंगासाठी जॉर्ज ऑरिक यांनी संगीत केलं होतं बरं का. डॅसिननी त्यांना प्रसंग संगीतासह आणि संगीताविना असा दोन्ही प्रकारे दाखवला, आणि संगीत नकोच, हे स्वतः संगीतकारानंच मान्य केलं.
राडा होतो तो माल हाती आल्यावर. चौघांतला सेझार एक अंगठी त्या गायिकेला देतो आणि तिथून सगळं फिसकटतं. पुढे तो साथीदारांची नावं सांगतो आणि चौघांतलाच टोनी त्याला गोळी घालतो. सेझारचं काम 'पेर्लो व्हिता' या नावाने डॅसिननीच केलंय. हॉलिवूडमध्ये सहकाऱ्यांनी 'कम्युनिस्ट' म्हणून ज्याचं नाव घेतलं, ज्याला काळ्या यादीमुळे काम मिळेना, त्याने नावं सांगणाऱ्याची भूमिका करावी! मला चोरीपेक्षा तो प्रसंग जास्त लक्षात राहिला.

तारीखपेतारीख:
विषयांतर थांबवतो, कारण 'दरोडा'वरच माझी हरकत आहे. कायद्याच्या मराठीत दरोड्याला किमान पाच जण लागतात. आधी भारतीय दंड संहितेचं ३९१ कलम होतं, आता न्याय संहितेचं ३१०, पण पाचाचा आकडा तोच. टोनी, जो, मारिओ, सेझार हे भरतात चार. तेव्हा ही घरफोडी, तीही शब्दशः. वरच्या घराची जमीन फोडतात, भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे ढलप्या तिच्यातच पडाव्यात. अलार्मच्या तोंडात आग विझवायच्या नळकांड्याचा फेस. बोलीत कुणी 'दरोडा' म्हटलं तर मी अडवणार नाही, पण टिपणात लिहिताय म्हणून.

उंबरठा:
इमारतीतल्या जोडप्याला बांधून ठेवतात की. मग नुसती घरफोडी कशी? जबरी चोरी म्हणा.

तारीखपेतारीख:
हो, ते निसटलं माझ्याकडून. दोन्ही लागतील. दरोडा तरीही नाही!

भाजणी:
तुमच्या वादात एक गंमत घालते. ग्रीकमध्ये 'रिफिफी' हा रोजच्या वापरातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ राडा नाही. भिंत फोडून किंवा भुयार खणून केलेली चोरी म्हणजे रिफिफी. बँकेखाली भुयार सापडलं की तिथल्या बातमीत हा शब्द येणारच. म्हणजे लोकांनी गाण्यातला अर्थ सोडला आणि तो मुका अर्धा तास धरला. डॅसिन पुढे ग्रीक अभिनेत्री मेलिना मेर्कुरीशी लग्न करून ग्रीसमध्येच राहिले, पण शब्द नेला तो चित्रपटाने.
उलट फ्रान्समध्ये शब्द पार मवाळ झालाय. नगरपालिकेत दोन गटांत जुंपली तरी मथळा 'रिफिफी'चा.

कानामात्रा:
म्हणजे मी नकळत ग्रीक अर्थ लावत होतो! 'दरोडापट' खोडला. 'घरफोडीचा चित्रपट' लिहितो आणि शीर्षकापुढे 'भाईलोकांत राडा'.

तारीखपेतारीख:
जबरी चोरी राहिली.