उरलेल्या सुती कापडाची झबली शिवून द्यायचीत, माप आणि सल्ला हवाय

निळी_रुबिया:
नमस्कार मंडळी, मागच्या वर्षी रिटायर झाले आणि सासूबाईंचं पायमशीन माळ्यावरून खाली काढलं, तेलपाणी केलं, चामडी पट्टा नवा टाकला, आता माझे सगळे कुर्ते मीच शिवते. रेडिमेडचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो खांद्याचा भाग, मला कायम काचायचा, आता हात वर केला तरी कुर्ता वर चढत नाही, हे सुख किती मोठंय ते शिवणाऱ्यालाच कळेल. तर आता मलमल, पॉपलिनचे मीटर-दीड मीटरचे तुकडे साठलेत, शिवाय आईच्या दोन मऊसूत नऊवारी आहेत. गावातल्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात गेले होते, दोन-तीन बाळं आईच्या ओढणीत गुंडाळलेली बघितली, तेव्हापासून मनात आहे की झबली-दुपटी शिवून द्यावीत. माप काय धरू? जुन्या साडीचं दिलेलं चालतं का? आणि मलमलवर टीप मारताना सुरुवातीलाच खाली दोऱ्याचा गुंता होतो, पॉपलिनवर होत नाही, असं का?

धावदोरा:
ताई, आधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, मग कात्री लावा. मी न विचारता तीस टोपडी नेली होती, त्यांना हवी होती पुढून उघडी झबली, कारण सलाईन लावलेल्या बाळाला डोक्यातून कपडा घालता येत नाही. नवजात बाळाला तयार झबल्याची लांबी 11 इंच, छातीचा घेर 20 इंच पुरतो. बटण, हुक, लेस काही नको, त्याच कापडाचे बांधायचे बंद लावा आणि ते पक्के शिवा, सुटून तोंडात जायला नकोत. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे कातडीला घासत नाही, आमची आजी पहिल्या महिन्याची झबली अशीच शिवायची.
बेतण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सुती कापड आटतं. रंगीत असेल तर ओलं असताना पांढरा रुमाल दाबून बघा, रंग लागला तर ते बाळासाठी नकोच.

उरेब:
गुंत्याचं सांगतो, माझं मशीन दुरुस्तीचं काम आहे. मलमल पातळ, सुई जाड असली की कापडच खाली भोकात ओढलं जातं. 11 नंबरची सुई लावा, 16 ची असेल तर बदला. टीप सुरू करताना वरचा आणि बॉबिनचा, दोन्ही दोरे मागे बोटाखाली धरा, पहिले चार टाके पडले की सोडा. तरीही ओढलं तर खाली कोरा पातळ कागद ठेवून शिवा, नंतर फाडून टाका, वर्तमानपत्र नको, शाई लागते. आणि पायमशीनचं चाक उलटं फिरलं तरी गुंता होतो, तेव्हा पहिला फेरा हातानं द्या.

चुणीदार:
थोडं वेगळं सांगते. मी पुण्यातल्या रविवार पेठेतून ठोक भावात पॉपलिन आणते आणि एका वसतिगृहातल्या मुलींना फ्रॉक शिवते. पहिल्या खेपेला पाठीमागे चेन लावली होती, सात वर्षांच्या मुलीला ती एकटीला लावता येईना, रोज सकाळी कुणाला तरी बोलवावं लागायचं. आता चेन नाही, गळा डोक्यातून जाईल एवढा, खाली दोन इंच दुमड सोडते म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतो. आणि खिसा. एका मुलीनं फ्रॉक घातल्या घातल्या खिशात हात घातला तो जेवायला बसेपर्यंत काढलाच नाही. दुसऱ्यांना द्यायचं म्हणून टीप वाकडी चालेल असं धरू नका, आपल्या कुर्त्याची जशी उसवून परत मारतो तशीच मारा.

गोधडीवाली_काकू:
नऊवारी कापू नकोस गं पटकन! विरलेला भाग कुठंय ते उजेडापुढं धरून बघ, तेवढा काढ. बाकीची दुहेरी घडी घालून कडेनं टीप आणि मधून हातानं धावदोरा, झालं दुपटं. आमच्याकडे बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालतच नाहीत, जुन्या लुगड्याचंच घालतात, मऊ असतं म्हणून. पण दवाखान्यात द्यायचं तर उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून दे आणि जुनं आहे हे स्पष्ट सांग, घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे.

निळी_रुबिया:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सिस्टरना भेटून आले. जुन्या साडीचं चालेल म्हणाल्या पण धुतलेलं, आणि झबल्यापेक्षा लंगोट आधी द्या, दिवसाला एका बाळाला दहा-बारा लागतात. 11 ची सुई लावली, दोरे मागे धरले, गुंता झाला नाही. आईची हिरवी नऊवारी भिजत घातलीय, लाल काठ काढून ठेवलेत. काकू, लंगोट तिकोनी बेतू की चौकोनी?

गोधडीवाली_काकू:
चौकोनीच बेत, 24 बाय 24 इंच. घडी घालून तिकोनी होतो, आणि उन्हात लवकर वाळतो.