चुंबकीय वादळात शॉर्टवेव्हला नक्की काय होतं?

हॅम_शिकतोय: मे 2024 च्या वादळात हौशी (हॅम) रेडिओचे 10 आणि 15 मीटर तरंगलांबीचे बँड एकदम मेले, 40 मीटरवर मात्र थोडंफार लागत होतं, असं का?

आयनोवेडा: दोन गोष्टी वेगळ्या धर. सौरज्वाळेचे एक्स-रे 8 मिनिटांत पोचतात, दिवसाच्या बाजूचा डी थर (आयनोस्फिअरचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेचा, सर्वात खालचा थर) शॉर्टवेव्ह शोषून टाकतो, ते लवकर ओसरतं. वादळ म्हणजे सूर्याने फेकलेला प्लाझ्मा एक-दोन दिवसांनी येऊन धडकतो, वरचं वातावरण तापून फुगतं, वायूंचं मिश्रण बदलतं आणि शॉर्टवेव्हला जमिनीकडे परत वळवणाऱ्या, सर्वात वरच्या एफ थरातले इलेक्ट्रॉन घटतात, मग 10-15 मीटरसारख्या वरच्या फ्रिक्वेन्सी परत न येता सरळ अंतराळात निघून जातात, 40 मीटरची खालची फ्रिक्वेन्सी मात्र थोडीफार परत वळते.

अलिबागकर: आणि त्याच फुगलेल्या हवेने फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे 49 पैकी 38 उपग्रह खाली ओढले, तेही साध्या वादळात! बाय द वे, 1859 चं कॅरिंग्टन वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने नोंदवलंय, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची (क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक) घसरण, फार अभिमान वाटतो याचा.

हॅम_शिकतोय: भारी! आणि व्हॅन ॲलन पट्ट्यातल्या, म्हणजे पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचं काय?

आयनोवेडा: बाहेरच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन बऱ्याचदा आधी गळतात, मग प्लाझ्मा लहरी नव्यांना जवळपास प्रकाशाच्या वेगाला नेतात, तेच उपग्रहाच्या आत घुसून चार्ज साठवतात आणि सर्किट जाळतात.