अनुभव धागा: भर हायवेवर अचानक गाठलेला हिवाळा

गेल्या फेब्रुवारीत आईला घेऊन अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गहून स्क्रॅन्टनकडे निघालो होतो, इंटरस्टेट ८१ या हायवेवरून. लख्ख ऊन, कोरडा रस्ता. तेवढ्यात फोन कर्कश वाजला. 'स्नो स्क्वॉल वॉर्निंग'. बायकोने वाचून दाखवलं. मी आभाळाकडे बघितलं आणि म्हणालो, कुठंय बर्फ? दहा मिनिटांत मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, समोरचा डोंगर कुठं गेला?"

डोंगर खरंच दिसत नव्हता. तिथे पांढरी भिंत होती आणि ताशी सत्तर मैलांनी आम्ही तिच्यात शिरत होतो.

वळीव कसा अर्ध्या गावात पडतो आणि अर्ध्या गावात ऊन असतं, तसाच हा प्रकार. स्क्वॉल म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यासकट आलेली बर्फाची सर. बहुतेक वेळा ती अर्ध्या तासाच्या आत निघून जाते, बर्फही फारसा साचत नाही. पण रस्ता उबदार असल्याने पडलेला बर्फ आधी वितळतो, मग तापमान झपकन उतरतं आणि त्याच पाण्याची काच होते. याच ८१ वर, स्कुलकिल काउंटीत, २८ मार्च २०२२ रोजी अशाच सरीत सुमारे ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या, सहा माणसं गेली. मार्च संपत आला होता, हिवाळा सरला असंच कुणालाही वाटलं असतं.

मी ब्रेकला पाय लावला नाही, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, हेडलाइट लो बीमवर आणले, इंडिकेटर चारही बाजूंचे चालू केले. पुढच्यापेक्षा मला मागच्या अठरा चाकी ट्रेलरची धास्ती होती. नशिबाने एक्झिट जवळ होती. पेट्रोल पंपावर वीस मिनिटं थांबलो, तर पुन्हा ऊन! परत हायवेवर आलो तेव्हा मधल्या चरात तीन गाड्या पडलेल्या होत्या. इशारा आला तेव्हाच मागच्या एक्झिटला बाहेर पडायला हवं होतं, ही चूक माझीच.

तुमचे अनुभव लिहा. नुसतं 'जपून चालवा' नको. त्या क्षणी काय दिसलं, काय केलं, काय करायला नको होतं, ते लिहा.

जाईचा वेल (डॅलस)

आमच्याकडे बर्फ दिसतच नाही, हीच अडचण. पाऊस पडतो आणि टेकताक्षणी गोठतो. रस्ता फक्त ओला वाटतो. एकदा पहाटे ऑफिसला जाताना समोरच्या गाडीच्या चाकांमागे उडणारे तुषार एकदम थांबले. रस्ता ओलाच दिसत होता, मग पाणी का उडत नाही? हे डोक्यात येईपर्यंत आम्ही फ्लायओव्हरवर होतो आणि माझी गाडी तिरकी सरकत होती. पुलाला वरून गार वारा, खालूनही गार वारा, जमिनीची ऊब नाही, म्हणून पूल आधी गोठतो. मी पाय वर घेतला, स्टिअरिंग जायच्या दिशेला हलकेच धरून ठेवलं, बस. कठड्याला न लागता पार झाले.

११ फेब्रुवारी २०२१ ला फोर्ट वर्थमध्ये १३३ गाड्यांची साखळी टक्कर झाली, सहा जण दगावले. त्या रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून दोन दिवस आधी मिठाचं पाणी मारलेलं होतं. तेव्हापासून 'फवारणी झालीय' या शब्दावर मी विसंबत नाही. आणि रस्ता ओला असेल तेव्हा क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) कधीच लावत नाही.

खडकवासला (बफेलो)

इकडे लेक इफेक्ट. नोव्हेंबरात ईरी सरोवराचं पाणी अजून कोमट असतं, त्यावरून थंड वारा आला की बर्फाचा अरुंद पट्टा तयार होतो. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ पडला, थोडं उत्तरेला काही इंचच. थ्रूवेवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, लोक दिवसभराहून जास्त अडकले होते.

मी नंतरच्या एका वादळात पाच तास अडकलो होतो. इंजिन सतत चालू ठेवलं नाही, तासाला दहा मिनिटं. दर वेळी आधी उतरून सायलेन्सरचं तोंड हाताने मोकळं केलं. ते बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवली. गाडी सोडून चालत निघू नका, ही कळकळीची विनंती. दहा पावलांवर स्वतःची गाडी दिसत नाही.

ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी (इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी यंत्रणा): ती गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतात ते टायर. साधं रबर सात अंश सेल्सिअसखाली कडक होत जातं.

पाऊलखुणा (नोएडा)

बर्फ नाही, धुकं चालेल का? यमुना एक्सप्रेसवे, १६५ किलोमीटर, जानेवारीतली पहाट, आग्र्याला निघालो होतो. तिथे हिवाळ्यात कारची वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. त्या दिवशी ३० सुद्धा जास्त होते. काहीच दिसेना म्हणून एका ट्रकच्या लाल दिव्यांच्या मागे मागे चालवत राहिलो. वाटलं, याला रस्ता दिसतोय. तो ट्रक हळूहळू कडेला थांबायला वळत होता आणि मीही त्याच्यासोबत वळत होतो. बायको ओरडली म्हणून ब्रेक लागला. दोन हातांचं अंतर राहिलं. त्यानंतर डावीकडची पांढरी पट्टी धरूनच चालवतो, दुसऱ्याच्या दिव्यांमागे जात नाही. सूर्य वर आल्याशिवाय निघत तर नाहीच.

रानजाई (पुणे)

मनालीचा छोटा अनुभव. अटल टनेलकडून सोलंगला उतरताना दुपारी बर्फ सुरू झाला. चालक तिथलाच होता, आमच्याहून वयाने लहान. त्याने गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली, ब्रेकला पाय न लावता मुंगीच्या पावलांनी उतरत राहिला. मागून हॉर्न वाजवत आलेली एक गाडी आम्हाला ओलांडून गेली आणि पुढच्या वळणावर दरडीत घुसलेली दिसली. आतले सुखरूप होते. आम्ही त्यांना आमच्या गाडीत घेतलं.

धागाकर्ता

पाऊलखुणा, धुकं नक्की चालेल. न दिसणारा रस्ता हाच विषय आहे.

खडकवासला, तुमचं वाचून डिकी पुन्हा भरली: फावडं, टॉर्च, पाणी, शेंगदाण्याचे लाडू, वाळूची पिशवी. गोधडी आधीपासून होती. आई साताऱ्याला परत जाताना स्वतःच्या हाताने ठेवून गेली, उन्हाळा आला तरी काढू दिली नाही.